मामलेदारापासून लपवलेल्या चुली

"तुझ्या चुलीचा धूर माझ्या देवाच्या नाकात जातोय, पारू!"

"मंग देवाला म्हनावं, तोंड फिरव तिकडं! भिताडाकडं बघत बसला तर काय गळून पडनार हाय का त्याचं?"

"माझ्या खंडोबाला भिताडाकडं बसवतेस?"

"तुमच्या एकलीचा कधीपासनं झाला, आक्का? तिघींचा हाय त्यो. मंग धुराचा वाटा त्यानं बी सोसावा!"

थांबा, थांबा. मी तुम्हाला भांडणाच्या ऐन मध्यात ओढून आणलं, ते कळतंय मला. पण आमच्या घरात भांडणाला सुरुवात अशी नसायचीच. ते सकाळी चुलीबरोबर पेटायचं आणि रात्री निखाऱ्याबरोबर राखेखाली जायचं. विझायचं कधीच नाही. तुम्ही कधीही आला असतात तरी मध्येच आला असतात.

आता त्या दिवसाचंच भांडण का सांगतेय? कारण त्या दिवशी मी नुसतं माझं घर नाही, अख्खं गाव बुडवायला निघाले होते. आणि ते हाताने नाही, पायाने नाही, निव्वळ तोंडाने! चहा घ्या, पुढे सरका, आणि हसायचं ते शेवटी हसा. मध्ये हसलात तर मला राग येतो.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. तेव्हा रेशन नव्हतं, माझे दात होते. आमचं गाव लोणावळ्याच्या खाली, रुळाच्या काठाला. एका अंगाला आगगाडी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि पाठीशी डोंगर. तो डोंगर जंगल खात्याचा. म्हणजे करवंदं आमची, काटे आमचे, आणि डोंगर सरकारचा! या तिघांच्या बेचक्यात गावठाण. गावठाण म्हणजे घरं बांधायला सरकारने आखून दिलेला तुकडा. चार कोपऱ्यांना हद्दीचे दगड. त्या दगडांच्या आत माणसं कितीही वाढोत, दगड काही वाढत नाहीत. आणि दगडाबाहेर एक मेढ जरी रोवली तरी लगेच तलाठी हजर. माणूस मेला तर तलाठी दोन दिवसांनी उगवायचा, पण मेढ रोवली की खड्ड्यातली माती सुकायच्या आत!

मग काय करायचं? भावांची लग्नं झाली की घरातच कारवीचा कूड घालायचा, वर शेण-माती लिंपायची, आणि म्हणायचं ही तुझी खोली. त्या भावाची पोरं मोठी झाली की कुडात आणखी एक कूड. आमच्या घरात तर इतके कूड झाले होते की पाहुणा पाणी प्यायला आत गेला की बाहेर यायला त्याला वाट विचारावी लागायची.

आणि मी लोणावळ्याला बंगल्यांवर दूध घालायला जायची. तिथे काय पाहायची? एकेका बंगल्यात खोल्याच खोल्या, आणि माणूस कुठे आहे? उन्हाळ्यात चार दिवस. बाकी वर्षभर राखणदार आणि कुलपं राहायची तिथे. एका बंगल्यात तर कुत्र्याला वेगळी खोली होती, खिडकीसकट! मी त्या कुत्र्याला रोज विचारायची, "काय रं, तुझ्या बापाचा अर्ज कुठल्या मामलेदारानं मंजूर केला?" तो नुसता शेपूट हलवायचा. त्याला काय, त्याची जागा पक्की होती.

आता आमचं घर. तीन भाऊ. थोरले आमचे, म्हणून मी थोरली. मधल्याची बायको चिमा, गरीब गाय. धाकट्याची पारू, टाकव्याची. ती गाय नव्हती. तिघींच्या तीन चुली. माझी माजघरात, चिमाची पडवीत, पारूची गोठ्याच्या दाराशी. छप्पर एक, देव एक, पण चुली तीन.

पण हे "चुली तीन" म्हणजे कुणाला ऐकवायची गोष्ट नव्हे बरं! घर फुटलं हा शब्द आमच्यात शिवी. प्रत्येक घरात चुली वेगळ्या, आणि प्रत्येक घरचा माणूस चावडीवर सांगणार, "आमचं एकत्र हाय." मी तर सगळ्यात मोठ्याने सांगायची. पारूने एकदा पाणवठ्यावर नुसतं "आमची चूल" म्हटलं तर मी तिला चार बायांत घरफोडी ठरवली होती.

असं सगळं चाललं होतं ते चाललंच असतं. पण माझ्या म्हादूचं लग्न निघालं.

मुलगी सुदुंबऱ्याची. मुलगी चांगली, हाताला कामाची, नाकी-डोळी नीटस. तिचा बाप घर बघायला आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाला,

"पोरगी निजंल कुटं?"

मी म्हटलं, "हितंच की. कणगीच्या पल्याड."

तो उठून कणगीच्या पल्याड गेला. तिथे आमची म्हैस बसलेली. म्हादू रोज तिथेच निजायचा. म्हैस कुशीवर वळली की म्हादूही वळायचा.

"हिचं नाव काय?" त्याने म्हशीकडे बोट केलं.

"चंद्री."

"म्हंजी ह्या बाजूला म्हादू, त्या बाजूला चंद्री, आनि मधी माझी पोरगी."

"चंद्री लय गरीब हाय वो."

"पोरगी तशी न्हाई," तो म्हणाला आणि चपला घातल्या. "बाई, पोरगा पसंत. जागा दाखवा, मंग नारळ फोडू. औंदाच्या लग्नसराईत न्हाई झालं तर मला दुसरीकडं बघाय लागंल."

झालं! त्या दिवसापासून मी गाव डोक्यावर घेतलं. गावठाण वाढवून पाहिजे! गावाच्या वर एक माळ होता. त्यावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. तेवढा सरकारने घरांना द्यावा. पाटलाच्या मागे लागले, तलाठ्याच्या मागे लागले, गावच्या पुरुषांना चावडीवर बसवून अंगठे उठवले. मला अक्षर येत होतं. वाण्याच्या पुडीचे कागद आणि स्टेशनावरच्या पाट्या वाचून वाचून मी शिकलेली, त्यामुळे अर्ज लिहिला तो मी. पुरुष म्हणाले, "बाईच्या हातचा अर्ज?" मी म्हटलं, "मंग तुमच्या पायाचा द्या!"

महिने गेले. भात कापून झालं, झोडून झालं, पेंढा रचला. आणि त्या दिवशी सकाळी, देवाच्या नाकातल्या धुरावरून भांडण रंगात आलेलं असताना, ओट्यावर धोंडूआबा पाटील धापा टाकत उभे.

"सरू! आगं सरू! भांडान ठेव बाजूला. मामलेदारसाहेब आल्यात वडगावास्नं! देवळापाशी उतरल्यात!"

माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. "अर्जासाठी?"

"अर्जासाठीच! घरोघर फिरनार हायेत. आनि ऐक, साहेब काय करनार, तर चुली बघनार हायत. तवा समद्यास्नी सांग, चुली…"

इथे मी काय केलं माहितेय? पाटलाला पुढे बोलू दिलं नाही.

"चुली बघनार? आबा, चुलीचं तुमी मला शिकवू नका! बाईमानसाला कळतं काय करायचं ते. तुमी जावा, साहेबाला चहापानी करा!"

"आगं, पर ऐक तर…"

"जावा म्हनते ना!"

पाटील गेले. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं? परका माणूस, त्यात सरकारी, घरात शिरणार आणि चुली बघणार! म्हणजे कोण फुटलंय, कोणाचं घर नासलंय, हे बघायलाच की! आणि तालुक्याला जाऊन सांगणार, "त्या गावात एका छपराखाली तीन-तीन बाया वेगळ्या शिजवतात." अशा भांडकुदळ लोकांना कोण जागा देईल? माझं डोकं बघा कसं चाललं! असं डोकं देवाने शत्रूलाही देऊ नये.

मी आत वळले. "पारू, चिमा! चुली झाका!"

"का?" पारू कमरेवर हात ठेवून.

"घराची अब्रू जातीया म्हनून! आजच्या दिस आपलं घर एक. तुझ्या चुलीतली लाकडं वढून काढ आनि वरून कोंबड्यांचं डालगं पालथं घाल!"

"वर कालवन हाय माझं!"

"कालवनासकट घाल!"

"आनि माझी?" चिमाने पदर चावत विचारलं.

"तुझ्या चुलीवर पाट ठेव आनि त्यावर बैस."

"गरम हाय ती, आक्का."

"मंग खाली पोतं टाक. आनि जीव गेला तरी उठू नगंस! साहेबानं काय इचारलं तर दोघींनी म्हनायचं, आक्का सांगत्यात त्येच खरं. कळलं?"

पारू माझ्याकडे अशी बघत राहिली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "कळलं की," ती म्हणाली. "आक्का सांगत्यात त्येच खरं." आणि डालगं आणायला गेली.

इथे थांबले असते तरी निम्मं पाप वाचलं असतं. पण थांबते ती मी कसली! मी ओट्यावर गेले आणि आळीत हाळी घातली, "बायांनो! साहेब चुली बघाय येतोय! घरटी एकच चूल दिसली पायजे! ज्या घरात दुसरी दिसंल त्या घराची अब्रू गेली म्हनून समजा!"

आमच्या गावाचं कधी कशावर एकमत झालं नव्हतं हो. पोळ्याला कुणाचा बैल पुढे, यावर डोकी फुटलेली. पण त्या सकाळी एका शब्दावर सगळ्या आळीने चुली झाकल्या! समोरच्या भागामावशीने सुनेच्या चुलीवर भाताचं पोतं ठेवलं. कुणी घंगाळं पालथं घातलं, कुणी आजेसासूला वर बसवलं. मला काय अभिमान वाटला! वाटलं, बघ सरू, तुझ्या शब्दाला किती किंमत आहे.

साहेब आले. मध्यमवयाचे, अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, डोळ्यांना चष्मा. माणूस वाईट नव्हता, उगीच खोटं कशाला बोलू. आळीतलं एकेक घर बघत बघत, कागदावर काहीतरी मांडत, शेवटी आमच्या दारात. मागे पाटील. पाटलांचा चेहरा असा उतरलेला, जणू कुणीतरी गेलंय. मी म्हटलं, दमले असतील.

आमचं दार बुटकं. साहेब वाकले, पण कमी वाकले. डोकं तुळईवर, टोपी खाली.

"या साहेब," मी टोपी झटकून दिली. "गरिबाचं घर आहे." साहेबाशी मी शुद्धच बोलायची.

"किती माणसं?"

"भरल्या गोकुळासारखं आहे साहेब. तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा, आणि पोरंबाळं."

"आणि चुली?"

मी छाती पुढे काढली. अजून आठवतं, खांबाला हात लावून उभी होते, चित्रातल्यासारखी. "एक! या घराची चूल आजवर फुटली नाही, साहेब. सासूबाईंनी पेटवली ती एकच!"

पाटलांनी मागे कपाळावर हात मारला. मला वाटलं, डास.

"अरे वा," साहेब म्हणाले आणि चिमाकडे बघितलं. "या बाई पाटावर का बसल्यात?"

"तिचे पाय दुखतात."

चिमाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. पोतं बहुतेक पातळ होतं. साहेब म्हणाले, "फारच दुखतायत वाटतं."

मग त्यांची नजर गोठ्याच्या दाराकडे गेली. "त्या डालग्यातून धूर येतोय का?"

"धूर नव्हे साहेब! वाफ! कोंबडी बसवलीय उबवायला. ऊब धरलीय तिने."

"एवढी?"

"रागीट आहे."

"माझ्याकडेही कोंबड्या आहेत," साहेब एकदम खुलले. "बघू बरं, कुठली जात."

"नको नको! डोळे फोडते!"

तेवढ्यात डालग्याच्या आत कालवण रटरटायला लागलं. रट् रट् रट् रट्! साहेबांनी कान दिला.

"बाई, तुमची कोंबडी उकळतेय."

"खुडूक झालीय साहेब. खुडूक कोंबडी अशीच बोलते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो धुराने भरला होता, का त्यांना हसू येत होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. मग ते ओट्यावर जाऊन बसले आणि पाटलांना म्हणाले,

"पाटील, उगाच हेलपाटा घालायला लावलात. सरकारचा हिशेब साधा आहे. एक चूल म्हणजे एक कुटुंब. एका घरात दोन-तीन चुली निघाल्या, तर तेवढ्या कुटुंबांना घर नाही असं धरतात, आणि गावठाण वाढवायची शिफारस करता येते. इथे सगळ्या आळीत घरटी एकेकच चूल. म्हणजे जितकी घरं तितकीच कुटुंबं. टंचाई आहे कुठे? हा अर्ज मी निकालात काढतो."

काय सांगू तुम्हाला! कणगी अंगावर पडावी तसं झालं मला. सगळं गाव एका ओट्यावरून बुडवलं मी! अर्ज लिहिणारीही मीच आणि बुडवणारीही मीच!

"आबा!" मी पाटलांवर ओरडले. "मघाशी सांगाय काय झालतं?"

"म्या?" पाटील इतके चिडले की टोपीच काढून आपटली. "म्या सांगाय आलतो की समद्या चुली पेटवून ठेवा म्हनून! तू कुनाला बोलू देतीस व्हय?"

मी साहेबांचे पाय धरायचे बाकी ठेवले. "साहेब, थांबा! चुली आहेत! तीन आहेत! दाखवते!"

धावत आत गेले आणि डालगं उचलायला हात घातला, तर त्याने पेट घेतलेला! पारूने शांतपणे, सावकाश, घागर उचलून वर ओतली. अर्धं पाणी डालग्यावर, अर्धं माझ्यावर. घरभर धूर. धुरातून साहेबांचा आवाज आला, "कोंबडी भाजली वाटतं."

"कोंबडी नाही साहेब, चूल आहे! हिची चूल! आणि तिकडे चिमाची! चिमा, ऊठ!"

"न्हाई उटत," चिमा रडत म्हणाली. "तुमीच म्हनलाव, जीव गेला तरी उटू नगंस."

"आगं आता मीच म्हनते, ऊठ!"

"मंग पयलं खरं का आताचं?"

साहेब दारात. "माझाही तोच प्रश्न आहे बाई. मघाचं खरं की आत्ताचं? या धाकट्या बाई सांगतील. काय हो, तुमचं घर एक की वेगळं?"

पारूने पदर डोक्यावर घेतला. तिच्या तोंडावर अशी माया मी उभ्या जन्मात बघितली नव्हती.

"साहेब, आक्का सांगत्यात त्येच खरं. आमच्या घरात दुसऱ्या कुनी बोलायची चालच न्हाई."

"पारू! आपन येगळ्या हाय का न्हाय? सांग साहेबाला!"

"आवो, मी कशी म्हनू? मागं एकदा नुसतं 'आमची चूल' म्हनलं तर पानवठ्यावर घरफोडी झाले मी. आता साहेबाम्होरं म्हनलं तर मला रुळावर निजवाल!"

बाहेर तोवर आळीत बातमी गेली होती. बाया आपापल्या चुलींवरची पोती, घंगाळी, सासवा उतरवत होत्या, आणि सगळ्या मिळून आमच्या अंगणात येऊन माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. भागामावशी तर म्हणाली, "आगं ह्या बयेला अर्ज लिवाय सांगितलं कुनी? हिला कडी लावून कोंडायची व्हती!"

साहेबांनी हात वर केला.

"हे बघा. मला दिवसभर बसायला वेळ नाही, टांगा थांबलाय. आधी चुली लपवल्यात, आता दाखवताय. विश्वास कशावर ठेवू? मी एकच बघतो. वरचा माळ अरुंद आहे. एका घराला एकच जागा देता येईल. ज्यांना खरोखर अडचण आहे, त्या घरातलं कुणीतरी तिथे राहायला जायला तयार असणारच. हे सगळं या बाईंनी सुरू केलंय, तेव्हा यांच्याच घरापासून विचारतो. यांच्यातलं कोणी जायला तयार असेल तर टंचाई खरी मानतो आणि पुन्हा आळी फिरतो. कोणीच नसेल तर मी निघालो. बोला, कोण जातंय माळावर?"

आता तुम्ही म्हणाल, सोपं होतं. म्हादूच्या लग्नासाठी हिने एवढं रान उठवलं, आता मिळतेय जागा, म्हणायचं "मी जाते" आणि मोकळं व्हायचं.

आणि मी काय म्हणाले?

"मी नाही जाणार!"

"सरू!" पाटलांचा आवाजच चिरकला. "आगं तुलाच पायजे हुती ना जागा?"

"जागा पाहिजे! पण मीच जायचं म्हणून कुणी सांगितलं? मी थोरली! देव्हारा माझ्याकडं! थोरलीनं घर सोडायचं नसतं! पारूनं जावं!"

"मी?" पारूची माया क्षणात गेली. "मी का म्हनून? लगीन तुमच्या पोराचं, व्याही तुमचा, अर्ज तुमचा, आनि कुसळांत मी जाऊ? गोठा म्या सारवते, चंद्रीला म्या धुते! मी जागची हालनार न्हाई!"

"चंद्री माझ्या माहेरची हाय!"

"मंग घेऊन जावा तिला बी!"

"चिमा जाईल!"

"मला पयलं हितनं उटवा तरी कुनीतरी," चिमा म्हणाली.

"हे बघ पारू, धाकटीनं ऐकायचं असतं!"

"चुली येगळ्या हायेत ना आता? मंग मी कुनाची धाकटी?"

"देवाच्या नाकात धूर घालतेस आनि वर तोंड करतेस!"

"देव न्हाई कधी खोकला! तुमीच खोकता त्येच्या नावानं!"

साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं. पाटील माझ्यासमोर हात जोडून उभे. अंगणातल्या बाया म्हणत होत्या, "आगं जा ना गं सरू, आमचं वाटोळं नगं करूस." मला सगळं कळत होतं. तोंड उघडायचं, "बरं, जाते" म्हणायचं, की म्हादूच्या लग्नाचा नारळ फुटतोय, आळी सुटतेय. पण चार लोकांपुढे "मी घर सोडते" म्हणायला ही जीभ वळेना. बाकी कशालाही वळायची, एवढ्याला वळेना! साहेब टोपी घालून टांग्याकडे निघालेसुद्धा.

तुमचा जीव टांगणीला नको म्हणून हे आत्ताच सांगून टाकते. माळ मिळाला. साहेब परत फिरले, म्हणाले, एका चुलीचं घर असं भांडत नाही, आणि पुन्हा एकदा आळी हिंडले, सगळ्या चुली मोजल्या, आजेसासवा उठवून मोजल्या. सुदुंबऱ्याच्या व्याह्याने नारळ फोडला, आणि त्याच्या पोरीला चंद्रीशेजारी निजावं लागलं नाही. पण यातलं माझ्यामुळे काहीही झालं नाही. झालं ते पारूमुळे. ती माझ्या पुढून निघून गेली, अंगण ओलांडून, थेट टांग्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि सगळ्या गावाच्या देखत एकच वाक्य बोलली. ते ऐकून साहेब इतके हसले की त्यांना टांग्याच्या चाकाला धरावं लागलं. घोडासुद्धा मागे वळून बघत होता. आणि मी? मी त्यात खोटं काय आहे ते शोधत राहिले, आजवर सापडलेलं नाही.

ती म्हणाली, "साहेब, त्यो माळावरला तुकडा आक्काच्या एकल्या तोंडाला लिवून द्या, म्हंजी बाकीचे आमी समदे हाय ह्याच घरात पाय पसरून मावतो!"